भाकितातली जुळी, विरुद्ध शक्ती : मांगात हे कुठे जमतं आणि कुठे फसतं

पिंपळपान
अलौकिक मांगात, म्हणजे दैवी-भुताखेतांच्या शक्तींच्या जपानी चित्रकथांत, हा साचा वारंवार भेटतो. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं भाकीत, त्याबरहुकूम जन्मलेली जुळी, एकाच्या हाती तारायची शक्ती आणि दुसऱ्याच्या हाती बुडवायची. साचा जुना आहे, पण म्हणून टाकाऊ नाही. तो कोसळतो तेव्हा त्याची कारणं मात्र ठरलेली असतात. मराठीत स्वतःची चित्रकथा करणाऱ्यांना आणि अशा मांगाचं भाषांतर करणाऱ्यांना कामी येईल इतक्या बारकाईने इथे बोलूया. स्पॉयलर सगळीकडे आहेत, ते धरूनच पुढे वाचा.

सुरुवात 'शामन किंग'पासून करतो. हिरोयुकी ताकेई यांची ही मालिका १९९८ ते २००४ साप्ताहिक 'शोनेन जंप'मध्ये चालली. यो आणि हाओ ही असाकुरा घराण्यातली जुळी. हाओ हा मुळात १००० वर्षांपूर्वीचा ओन्म्योजी, म्हणजे दरबारी ज्योतिषी-मांत्रिक. ५०० वर्षांपूर्वी तो पुन्हा जन्मून गेला, आणि आता तिसऱ्यांदा स्वतःच्याच वंशात परत आलाय. घरातल्या मोठ्यांना हे आधीच कळलेलं असतं. बाळंतपणाच्या वेळी आजोबा योमेई आणि वडील मिकिहिसा त्याला तिथल्या तिथे संपवायच्या तयारीने उभे असतात. नुकतं जन्मलेलं ते मूल अग्नीच्या आत्म्याला बोलावतं, बापाचा चेहरा भाजतं आणि निघून जातं. त्यानंतर मिकिहिसा मुखवटा घालूनच वावरतो.

हा प्रसंग नीट बघा. मूल अजून काही वाईट वागलेलं नाही. शस्त्र आधी घरच्यांनी उचललंय. भाकीत आकाशातून आलं असेल, त्याची अंमलबजावणी घरानेच केली. आणि बापाचा भाजलेला चेहरा मुखवट्याच्या रूपाने पुढे पानोपानी दिसत राहतो, त्यामुळे लेखकाला ती गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही. माझ्या मते या साच्याचा सगळा जीव इथे आहे. ज्या कथेत भाकीत ऐकून घर काही करतच नाही, तिथली जुळी फक्त दोन रंगांच्या सोंगट्या उरतात.

दुसरी गोष्ट आकड्याची. हाओची शक्ती, त्यांच्या भाषेत फुर्योकू, १२,५०,००० सांगितली आहे. बाकीचे त्याच्या जवळपासही नाहीत. आकडा एवढा ठेवला की झुंज जिंकून गोष्ट संपवायची वाट लेखकाने स्वतःच बंद केली. शेवट दुसरीकडे शोधावाच लागतो. याबद्दल खाली बोलूच.

रातराणी
घराने अंमलबजावणी करायचा मुद्दा पटला. त्याचं सर्वांत धारदार उदाहरण यू वातासे यांचं 'आयाशी नो सेरेस'. १९९६ ते २००० या काळात 'शोजो कॉमिक'मध्ये आलं, १४ खंड. आया आणि आकी ही बहीणभावाची जुळी. सोळाव्या वाढदिवशी मिकागे घराणं दोघांना मोठ्या घरी बोलावतं. समोर एक पेटी ठेवतात. आत काय, तर वाळून ममी झालेला एक हात, ज्या अप्सरेपासून हा वंश सुरू झाला तिचा. तो बघताच आयाच्या अंगात ती अप्सरा, सेरेस, जागी होते आणि आकीच्या अंगावर आपोआप जखमा उमटतात. आजोबा तिथल्या तिथे आयाला मारायचा हुकूम देतात.

इथे 'भाकीत' असं म्हणणारं कुणीच नाही. आहे ती पिढ्यांपासून चालत आलेली चाचणी. ठरलेलं वय, ठरलेली वस्तू, ठरलेला निकाल. भाकितापेक्षा चाचणी जास्त भीती घालते, कारण तिच्यात कार्यपद्धती आहे. खोलीत कोण कुठे बसणार, हत्यार कुणाकडे, हे आधीच ठरलेलं आहे आणि केकच्या आशेने आलेल्या मुलीला त्यातलं काहीच माहीत नाही.

विरोधही नेमका आहे. आयामध्ये अप्सरा आहे, तर आकीमध्ये पुढे त्या वंशाचा मूळ पुरुष जागा होतो. म्हणजे ज्या दोघांच्या जुन्या वैरातून हे घराणं निघालं तेच आता बहीणभाऊ म्हणून एका घरात वाढलेत. मूळ कथा 'हागोरोमो'ची, अप्सरेचं पंखवस्त्र चोरून तिला संसारात अडकवणाऱ्या माणसाची. उर्वशी-पुरूरव्याची गोष्ट माहीत असलेल्या मराठी वाचकाला ती लगेच ओळखीची वाटते. स्वर्गातली स्त्री, माणसाशी संसार, आणि तो मोडण्याची अट.

शाईदौत
मला शक्तींच्या रचनेबद्दल सांगायचंय, कारण सर्वाधिक कथा तिथे फसतात. एक आग, एक पाणी, असं केलं की पाण्याने आग विझली आणि विषय संपला. पुढची चाळीस पानं भरायला मग लेखक ओरडण्याचं प्रमाण वाढवतो.

ओन्म्योदोत, म्हणजे ओन्म्योजींच्या विद्येत, पाच तत्त्वांचं जे गणित आहे ते वापरा. लाकूड, आग, माती, धातू, पाणी. एका क्रमाने ही एकमेकांना जन्म देतात : लाकडातून आग, आगीच्या राखेतून माती, मातीतून धातू, धातूवर दवाचं पाणी, पाण्यावर लाकूड. दुसऱ्या क्रमाने एकमेकांना दाबतात : लाकडाची मुळं माती फोडतात, माती पाणी अडवते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू लाकूड तोडतो. म्हणजे प्रत्येक तत्त्वाला एक वैरी आहे आणि एक आईसुद्धा.

आता बहिणीला पाणी द्या आणि भावाला आग. समोरासमोर ती त्याला विझवते. पण मध्ये लाकूडवाला तिसरा माणूस उभा केला की चित्र पालटतं. तिचं पाणी लाकूड पोसतं, लाकूड आग पोसतं. तीच शक्ती थेट गेली तर भाऊ मरतो, तिसऱ्याकडून गेली तर जगतो. तो तिसरा कोण आणि कुणाच्या बाजूचा, यावर गोष्ट तोलता येते. वाचकाला हा नियम झुंजीच्या बराच आधी, एखाद्या साध्या प्रसंगात दाखवा. चूल पेटत नाहीये, ओलं लाकूड आहे, एवढंसं पुरतं. ऐन झुंजीत नियम समजावून सांगितला तर तो लेखकाने आत्ताच शोधलाय असं वाटतं.

दुसरं, शक्ती एकाच साठ्यातून येऊ द्या. 'जुजुत्सु कायसेन'मध्ये माकी आणि माई या झेन'इन घराण्यातल्या जुळ्या बहिणी. त्या जगाचा नियम असा की शापशक्तीच्या हिशेबात जुळी म्हणजे एकच व्यक्ती. माकीला शक्तीच्या बदल्यात असामान्य शरीर मिळालंय, पण ते पूर्ण खुलत नाही, कारण तिच्या 'दुसऱ्या अर्ध्या'कडे, माईकडे, थोडी शापशक्ती शिल्लक आहे. एकीने कितीही मेहनत केली तरी दुसरी मागे राहिली की दोघी अडकतात. याहून क्रूर बांधणी मी तरी पाहिलेली नाही.

आणि मर्यादा मोजता येईल अशी हवी. माई शापशक्तीतून वस्तू घडवू शकते, पण दिवसाला बंदुकीची एक गोळी, बस्स. तिच्या रिव्हॉल्वरमध्ये सहा गोळ्या बसतात. समोरचा सहा मोजतो आणि पुढे येतो, तेव्हा ती घडवलेली सातवी झाडते. अख्ख्या शक्तीचा वापर एवढाच, पण वाचक स्वतः मोजत असतो म्हणून धक्का बसतो. 'अमर्याद अंधार' असल्या शक्तीत मोजायला काही नसतं.

काजवा
दोन दुरुस्त्या, कारण या विषयात हमखास घोटाळा होतो.

'सोसेई नो ओन्म्योजी'मधले 'जुळे तारे' रोकुरो आणि बेनिओ हे भावंडं नव्हेत. भाकीत त्यांच्या जोडीचं आहे, त्यांनी लग्न करावं आणि त्यांच्या पोटी जगाला शुद्ध करणारं मूल यावं असं. नावातल्या 'जुळे'वरून अनेक जण भलतंच लिहितात.

आणि 'ब्लू एक्सॉर्सिस्ट'मध्ये रिन-युकिओ खरी जुळी आहेत, पण तिथे भाकीत नाही, वारसा आहे. सैतानाची निळी आग रिनमध्ये उतरली, युकिओ अशक्त म्हणून त्याच्यात नाही असं समजलं गेलं. रिनची आग कुरिकारा तलवारीत बंद केलेली असते. कुरिकारा ही जपानी बौद्ध परंपरेत फुदो म्योओच्या हातातली, नाग वेढलेली तलवार, आणि फुदो म्योओ म्हणजे आपल्याकडून गेलेला अचल हा बौद्ध रक्षक देव. भाषांतर करताना एवढं माहीत असलं तर 'जादूची तलवार' असं लिहायचा मोह टळेल.

पिंपळपान
काजवा, दुरुस्त्या मान्य. युकिओवरून एक गोष्ट निघते. तिथे विरोध शक्तीचा कमी आणि वाट्याला आलेल्या कामाचा जास्त आहे. शक्ती थोरल्याकडे, जबाबदारी धाकट्याकडे. युकिओ तेराव्या वर्षी एक्सॉर्सिस्ट, म्हणजे सैतानी शक्तींना पिटाळणारा, होतो आणि पुढे भावाचाच शिक्षक बनतो. 'ज्याला मिळालं त्याला ते नकोय आणि ज्याने कष्ट केले त्याला मिळालं नाही', हा सल शक्तींच्या लढाईपेक्षा जास्त पानं पुरतो.

अनुस्वार
भाकिताच्या भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. जपानीत भाकीत संदिग्ध ठेवणं सोपं जातं. 'कोदोमो' म्हटलं की मूल एक की अनेक, मुलगा की मुलगी, काहीच कळत नाही. युमी तामुरा यांच्या 'बासारा'ची (१९९० ते १९९८) अख्खी उभारणी यावर आहे. गावात जुळी जन्मतात, 'नियतीचं मूल' आलं असं द्रष्टा सांगतो, आणि सगळे मुलाला, ताताराला, ते मूल समजतात. तातारा मारला जातो. मग बहीण सारासा केस कापून त्याचं नाव घेते. भाकीत खोटं ठरत नाही, ऐकणाऱ्यांनी ते चुकीच्या मुलाला चिकटवलेलं असतं.

मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'जो जन्मेल तो' लिहिलंत की मुलगी बाद. पण मराठीची स्वतःची चोरदारं आहेत, आणि ती जपानीपेक्षाही चांगली आहेत.

पहिलं, नपुंसकलिंग. 'जे लेकरू येईल, त्याच्या सावलीत...' यातलं 'त्याच्या' पुल्लिंगालाही चालतं, म्हणून ऐकणारा आपोआप मुलगा धरतो. पण लेखकाने कुठेच मुलगा म्हटलेलं नाही. मागे जाऊन वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, आदरार्थी बहुवचन. 'ते येतील, त्यांनी दार लावलं, तेच उघडतील.' हे एक थोर पुरुष आहेत की दोन जण? मराठीत दोन्ही. घराणं इतकी वर्षं एका अवताराची वाट बघतंय आणि भाकीत जुळ्यांचं आहे, हा उलगडा नुसत्या व्याकरणातून करता येतो. 'त्यांनी' म्हटलं की लिंगही लपतं.

तिसरं, 'परवा'. मागचाही आणि पुढचाही. 'परवाच्या ग्रहणी' म्हटलं तर ज्या ग्रहणाची वाट बघताय ते होऊन गेलं असू शकतं.

चौथं, दोन अर्थांचं क्रियापद. 'गाव निजेल.' निर्धास्त झोपेल, की कायमचं?

हे सगळं एकत्र :
परवाच्या ग्रहणी जे लेकरू येईल
त्याच्या सावलीत गाव निजेल
ज्यांनी दार लाविले
तेचि उघडतील

ओवीच्या अंगाने लिहा, चार ओळींच्या वर जाऊ नका, संवादाच्या एका फुग्यात बसलं पाहिजे. आणि कथेत जेव्हा जेव्हा येईल तेव्हा शब्दन्‌शब्द तेच ठेवा. दुसऱ्या वेळी 'लेकरू'चं 'बाळ' केलंत की बारकाईने वाचणारा तिथे संकेत शोधत बसतो आणि खरा संकेत हातचा जातो. तीनदा पुरे. पहिल्यांदा पूर्ण, मधे कुणीतरी अर्धवट आठवतं तेव्हा पहिल्या दोनच ओळी, आणि शेवटी पूर्ण, पण वेगळ्या माणसाच्या तोंडी.

ग्रहणमध्य
ग्रहण वापरणारच असाल तर गणित सांभाळा. 'अठरा वर्षांनी तेच ग्रहण त्याच गावात' हे वाक्य खूप कथांत असतं आणि ते चूक आहे. ग्रहणांचं सारोस चक्र १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांचं असतं. त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण साधारण १२० अंश पश्चिमेला दिसतं. उदाहरण घ्या : ११ जुलै १९९१ चं खग्रास मेक्सिकोतून दिसलं, त्याच मालिकेतलं २२ जुलै २००९ चं भारत-चीनमधून, आणि २ ऑगस्ट २०२७ चं उत्तर आफ्रिकेतून दिसेल. त्याच भागात परत यायला तीन फेऱ्या, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभर लागतो.

याचा कथेला फायदाच आहे. १८ चा हिशेब वापरला तर जुळ्यांना दुसऱ्या देशात जावं लागतं. ५४ चा वापरला तर भाकीत आजीच्या पिढीने ऐकलेलं असतं आणि नातवंडांवर कोसळतं.

२२ जुलै २००९ चं ग्रहण तर या विषयासाठी आयतंच आहे. खंबातच्या आखाताकडून सुरतेवरून जमिनीवर आलं, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा करत चीन ओलांडून जपानच्या तोकारा बेटांवर गेलं. एकाच सावलीच्या दोन टोकांना दोन देश. मुंबई-पुण्याला ते खंडग्रास होतं, तेव्हा तिथे 'दिवसा तारे दिसले' लिहू नका. खग्रासाचा कमाल काळ ६ मिनिटं ३९ सेकंद, तोही प्रशांत महासागरात. जुळ्यांच्या जन्मात पंधरा मिनिटांचं अंतर धरलं तर एक अंधारात आणि एक उजेडात सहज बसतो. दोघंही अंधारात जन्मली असं हवं असेल तर मात्र वेळ अपुरी पडते.

अजून एक. 'शामन किंग'मध्ये शामनांचा राजा ठरवायला ५०० वर्षांनी होणाऱ्या झुंजीची वर्दी देणाऱ्या ताऱ्याचं नाव रागो आहे. हा आपला राहूच. नवग्रह चीनमार्गे जपानला गेले आणि तिथे 'कुयो' झाले, त्यात राहूचा रागो आणि केतूचा केइतो झाला. ८०६ साली बौद्ध भिक्षू कूकाई चीनहून परतला तेव्हा त्याने आणलेल्या ग्रंथांत याच भारतीय ज्योतिषाचा ग्रंथ होता. मराठीत 'रागो तारा' असं ठेवायचं की सरळ 'राहू' म्हणायचं, हा भाषांतरकाराने घ्यायचा निर्णय आहे. मी 'राहू' ठेवीन. एका शरीराचे दोन तुकडे, एक राहू, एक केतू, ही गोष्ट मराठी वाचकाच्या मनात आधीपासून आहे, आणि जुळ्यांच्या कथेत ती फुकट मिळालेली पुंजी आहे.

टाकबोरू
चित्राकडे वळतो. व्यावसायिक मांगाचा कागद बी-४, २५७ × ३६४ मिमी. कापल्यावर उरणारी चौकट २२० × ३१० आणि आतली सुरक्षित चौकट १८० × २७०. मासिकात हे सुमारे ८३ टक्क्यांवर छापतात, पुस्तकात जवळजवळ निम्म्यावर. जुळी काढताना हा निम्मा आकार डोळ्यांपुढे ठेवा.

चेहरा एकच, तेव्हा ओळख कशाने पटणार? केस एकाचे काळ्या शाईने भरीव आणि एकाचे पांढरे, हा पहिला उपाय सगळे करतात आणि तो बरोबर आहे. पण रात्रीच्या प्रसंगात काळे केस पार्श्वभूमीत बुडतात. म्हणून केसांभोवती १ मिमी पांढरी कड सोडा. पुढे, दोघांचे चेहरे २ सेंटिमीटर उंचीचे काढा, केस बोटाने झाका आणि दुसऱ्या कुणाला विचारा कोण कोणता. सांगता आलं नाही तर भुवया, पापणीच्या रेषेची जाडी, खांद्यांचा उतार यांतलं काहीतरी बदला. एक सरळ उभा, एक किंचित पुढे झुकलेला, एवढ्याने लांबच्या चित्रातही फरक कळतो.

शक्तींना दोन वेगळ्या रेषा द्या. एकाची शक्ती पांढऱ्यावर काळ्या धावत्या रेषांनी, दुसऱ्याची काळ्या भरावात पांढऱ्या रेषांनी, ज्याला बेटा फ्लॅश म्हणतात. धोका दुसऱ्यात आहे. काळ्यातली ०.३ मिमीची पांढरी रेष पुस्तकात ०.१५ ची होते आणि शाई पसरून बुजते. ०.५ च्या खाली जाऊ नका.

टोन, म्हणजे करड्या छटेसाठीचे ठिपके, साठ रेषांचा, १० ते २० टक्के. संगणकावर करत असाल तर ६०० डीपीआय ठेवा आणि ठिपके शेवटच्या आकारात आल्यावरच पाडा. आधी ठिपके पाडून मग पान लहान केलं की ठिपक्यांचं अंतर छपाईच्या बिंदूंशी जुळत नाही आणि लाटांची जाळी उमटते. दोघांच्या प्रभामंडलांचे टोन एकमेकांवर चढवतानाही हेच होतं. तिथे एक टोन खरवडून काढा.

आणि रहस्य उघडणारं पान नेहमी सम क्रमांकाचं घ्या. पहिलं पान एकटं, मग २-३, ४-५ अशी समोरासमोर. पुस्तक उजवीकडून उघडणारं असो की डावीकडून, पान उलटल्यावर आधी दिसतं ते समच. दुसरं बाळ जिवंत आहे हे विषम पानावर दाखवलंत तर वाचकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते आधीच आलेलं असतं.

काजवा
टाकबोरू, डावी-उजवी बाजू निघालीच आहे तर विचारतो. मराठी वाचकासाठी जपानी पानं आरशासारखी उलटवायची का? जुळ्यांच्या कथेत एकाच्या डाव्या गालावर खूण, दुसऱ्याच्या उजव्या, असं असतंच.

टाकबोरू
उलटवू नका. खुणा तर अदलाबदल होतातच, पण किमोनोचा प्रश्न जास्त गंभीर आहे. किमोनोचा डावा पदर नेहमी उजव्यावर येतो. उजवा पदर डाव्यावर फक्त मृताला नेसवतात. पान उलटवलं की सगळी जिवंत माणसं प्रेतासारखी नेसलेली दिसतात. अलौकिक कथेत तर एखादा मेलेला हे लपवून वावरतोय, याचा संकेत चित्रकार नेमका या पदरातून देऊ शकतो. तो संकेत उलटा झाला तर गोष्टच उलटी झाली. मूळ उजवीकडून-डावीकडे वाचनक्रम ठेवा आणि पहिल्या पानावर बाण देऊन सांगा. स्वतःची कथा मराठीत काढत असाल तर सुरुवातीपासूनच डावीकडून काढा.

अनुस्वार
फुग्यांबद्दल पुरवणी. जपानी मजकूर उभा जातो म्हणून फुगे उंच आणि अरुंद असतात. त्यात देवनागरी कोंबली की 'उघडतील'सारखा शब्द दोन ओळींत मोडावा लागतो. स्वतःच्या पानात फुगे आडवे, रुंदी उंचीच्या दीडपट तरी असू द्या. ओळींमध्ये जास्त जागा सोडा, वरचा रफार-अनुस्वार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. आणि भाकिताला गूढपणा यावा म्हणून अक्षरं लांब-लांब पसरवू नका. रोमन लिपीत ते चालतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते. त्यापेक्षा फुग्याची कडच काढून टाका, काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवा.

रातराणी
एक तपशील राहिला : थोरलं कोण? जुन्या जपानात कित्येक ठिकाणी नंतर जन्मलेल्याला थोरलं मानत. १८७४ च्या सरकारी आदेशाने आधी जन्मलेलं मूल थोरलं असं ठरवून टाकलं. म्हणजे कथा १८७४ च्या आधीच्या काळात असेल, किंवा जुन्या रीती पाळणाऱ्या घराण्यात असेल, तर 'थोरल्याला वारसा' या एका वाक्यावर दोन गट भांडू शकतात. सरकारी दप्तरात एक थोरला, घराच्या देवघरात दुसरा. भाकितात 'थोरले' हा शब्द घातला तर अनुस्वार म्हणते तो आदरार्थी घोळही आपोआप जमतो.

बहीणभावाची जुळी समरूप दाखवू नका, ही आणखी एक नेहमीची चूक. मुलगा-मुलगी ही जवळजवळ नेहमीच द्वियुग्मजी, म्हणजे दोन वेगळ्या गर्भबीजांतून आलेली, असतात, इतर भावंडांइतकीच सारखी. आणि एकाच गर्भबीजातून आलेल्या एकयुग्मजी जुळ्यांचेही बोटांचे ठसे वेगळे असतात, तेव्हा एकाच्या बोटाने उघडणारी मोहोर दुसऱ्याच्या बोटाने उघडत नाही. ती उघडली असं दाखवायचं असेल तर त्याचं कारण द्यावं लागेल, आणि ते कारण कथेचा गाभा होऊ शकतं.

शाईदौत
शेवटाबद्दल. 'शामन किंग' २००४ मध्ये अपुरीच थांबली आणि शेवट पुढे पुनर्मुद्रित आवृत्तीत पूर्ण झाला. त्यात हाओ हरत नाही. तो राजा होतोच. पाच जणांनी मिळून लढूनही उपयोग नसतो. जे काम करतं ते म्हणजे त्याच्या आईचा, आसानोहाचा, आत्मा त्याच्यापुढे येणं. हजार वर्षांपूर्वी तिला लोकांनी मारलं, तिथून हे सगळं सुरू झालेलं. तो जग बुडवायचं रद्द करत नाही, लांबणीवर टाकतो. पिंपळपान म्हणाले तो १२,५०,००० चा आकडा इथे वसूल होतो. बळाची वाट बंद नसती तर लेखक आईपर्यंत पोहोचलाच नसता.

म्हणून पान पहिलं काढायच्या आधी एक ओळ लिहून ठेवा : विध्वंसक जुळ्याला नेमकं काय हवंय, आणि ते कुणी दिलं नाही. ही ओळ दोन शब्दांत लिहिता येत नसेल, तर शेवटी तिसराच खलनायक आणून दोघांना एकत्र करायची पाळी येते. तो शेवट वाचकाला पाचव्या पानावरच दिसतो.

पिंपळपान
वरचं सगळं धरून ४५ पानांच्या एकाच भागाचा आराखडा मांडतो. पानं १ ते ५ : ग्रहण, बाळंतपण, भाकीत पूर्ण. पान ६ वर दुसरं बाळ. ७ ते १६ : चूल आणि ओल्या लाकडाचा प्रसंग, थोरलं कोण यावरचा वाद. १७ ते २६ : चाचणी, पेटी, घराने उचललेलं शस्त्र. २७ ते ३८ : दोघांची गाठ आणि झुंज, मध्ये लाकूडवाला. ३९ ते ४५ : दार. भाकीत शेवटी म्हणते ती सुईण, जिने दोन्ही बाळं हातात घेतली होती. चौथी ओळ 'तीच उघडेल' अशी केली, म्हणजे बहिणीने दार उघडलं हे ठसेल.

अनुस्वार
'तीच' करू नका, चार ओळींनी चाळीस पानं लपवलेलं एका अक्षरात सांडेल. 'तेचि' तसंच राहू द्या आणि त्याच चौकटीत दाराच्या कडीवर दोन हात दाखवा, एक काळ्या रेषेतला, एक पांढऱ्या. आणि बाळंतपणाला पाच पानं जास्त होतात, त्यातली दोन काढून दाराला द्या. दुसरं बाळ तेवढं सम पानावरच राहील हे बघा, एकच काढलंत तर ते पाचावर सरकेल.